इलेक्ट्रिक चोक बसवताय? आधी अर्थसाठी वायरचा एक तुकडा तयार ठेवा

गेल्या डिसेंबरात बाबांच्या जुन्या पेट्रोल जीपला मी वेबर ३२/३६ कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवला, इलेक्ट्रिक चोकवाला. चोक म्हणजे गार इंजिन सुरू व्हावं म्हणून हवा अडवणाऱ्या झडपा. पहाटे कोथरूडहून सिंहगडाकडे निघालो. पायथ्याच्या डोणज्यापर्यंत मागे काळा धूर आणि आत पेट्रोलचा वास सुरू झाला, घाटात तर गाडी चढेचना. इंजिन चांगलं तापलेलं, तरी चोकच्या झडपा मिटलेल्याच. बाबांना दुसऱ्यांच्या गाडीतून घरी पाठवावं लागलं. चोकला अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायचा रस्ता, नव्हता, एवढंच कारण. ती वायर मी ओढलीच नव्हती.

पाने, पेचकस, मल्टिमीटर असेलच. गाडी १२ व्होल्टचीच आहे ना, पाहा. जुन्या विलीज ६ व्होल्टच्या असत. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

चोकच्या गोल टोपणात बायमेटलची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) गुंडाळलेली पट्टी असते. गार असताना ती झडपा मिटवून धरते, म्हणून हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. करंट मिळाला की आतला हीटर पट्टीला तापवतो, ती हळूहळू ढिली पडते आणि काही मिनिटांत झडपा उघडतात. हे काम विजेचं आहे, इंजिन तापण्याच्या भरवशावर राहू नका.

टोपणावर बहुधा एकच टर्मिनल दिसतं. तिथे पॉझिटिव्ह जोडलं की काम झालं असं वाटतं. नाही झालेलं! परतीचा रस्ता कार्बोरेटरच्या बॉडीतून आहे, आणि कार्बोरेटर बसलाय बेकलाइटच्या स्पेसरवर, खाली-वर गॅस्केट, यातून वीज जात नाही. माझ्या मॅनिफोल्डला (कार्बोरेटरखालच्या इंजिनाच्या नळ्यांना) वर रंगही होता. म्हणून कार्बोरेटरच्या एखाद्या स्क्रूपासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी वायर ओढाच. दोन्ही टोकांना थिंबल (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक) दाबून लावा, खालचा रंग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. नुसती गुंडाळलेली वायर चालणार नाही.

पॉझिटिव्ह इग्निशन कॉइलवरून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल) घेऊ नका. सोपं दिसतं, सगळे तेच करतात. पण बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोध) असलेल्या गाडीत तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत, आणि चोक कॉइलच्याच वाटणीचा करंट खातो. चावी फिरवल्यावरच चालू होणारी वेगळी लाइन घ्या, मध्ये फ्यूज टाका. ऑइल प्रेशर स्विचवरून रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवलात तर उत्तमच, कारण इंजिन सुरू झाल्यावरच चोक तापेल. नाहीतर चावी ऑन ठेवून गप्पा मारत बसलात की स्टार्ट करण्याआधीच चोक उघडून जातो.

अर्थची वायर लावली? बॅटरीचं निगेटिव्ह परत जोडा आणि तपासा. चोक चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक कार्बोरेटरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. जवळजवळ शून्य यायला हवं. काही व्होल्ट किंवा बॅटरीइतके व्होल्ट दिसले तर अर्थ नीट नाही, बाकी काहीही चाळवू नका. ही तपासणी इग्निशन बंद ठेवून, चोकची नेहमीची वायर सोडवून आणि बॅटरीवरून थेट वायर देऊन करा. पॉइंटवाल्या (जुन्या कॉन्टॅक्ट-ब्रेकर इग्निशनच्या) गाडीत इंजिन बंद आणि चावी ऑन राहिली तर कॉइल तापते.

सेटिंग इंजिन पूर्ण गार असताना, सकाळी. एप्रिलच्या दुपारी केलंत तर पट्टी आधीच ढिली असते, आणि तेच सेटिंग डिसेंबरात जास्त घट्ट पडतं. जुन्या जागेवर खूण करा, टोपणाचे ३ स्क्रू ढिले करा, अॅक्सिलरेटर एकदा दाबून सोडा, झडपा जेमतेम मिटतील इतपत टोपण फिरवा, स्क्रू आवळा.

मग स्टार्ट. फास्ट आयडल (गार इंजिनाचा वाढलेला आयडल वेग) पाहा, झडपा सरळ उभ्या होईपर्यंत थांबा, एअर फिल्टर बसवा. घाटात नेण्याआधी एक चक्कर सपाटीवर, खडकवासल्यापर्यंत. वायर-कटर आणि अर्थची एक जादा वायर गाडीत ठेवा.