जुनं झाड हलवताय? या चुका टाळा

रस्ता रुंद करायचं ठरलं की कोल्हापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “तोडू नका, हलवा की! महापालिका देईल पैसे.” आमच्या पेठेतला पिंपळ असाच हलवला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्याचं जळण झालं होतं.

पहिली चूक तिथंच झाली. झाड कसं हलवायचं यावर बैठका झाल्या, रस्ता हलतो का हे कुणी विचारलंच नाही. मिरज-पंढरपूर मार्गावर भोसे गावातला जुना वड महामार्गाच्या आड येत होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली. आधी हा पर्याय तपासा. वडाबरोबर त्याचा पार उचलून नेता येत नाही, आणि झाडाचा निम्मा इतिहास त्या पारावरच बसलेला असतो.

“एवढंसं झाड, त्याला कसला वारसा?” असंही म्हणू नका. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नाशी गाठलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, म्हणजे संस्थानकाळातलं कुठलंही झाड या व्याख्येत बसतंच.

आता पैसे. सगळ्यात मोठी फसगत इथं होते, कारण खर्च म्हणजे क्रेनचं भाडं असं धरलं जातं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ६ फूट असेल तर जाडी साधारण २३ इंच येते. मुळांचा गोळा, म्हणजे मुळांसकट उचलायची माती, त्याच्या किमान आठपट रुंद हवा, म्हणजे १५ फूट. साडेतीन फूट खोल धरला तरी नुसती मातीच ३० टनांच्या घरात जाते, झाड वेगळंच. हे गल्लीत दिसणाऱ्या हायड्राचं, म्हणजे छोट्या क्रेनचं, काम नव्हे. मग ठेकेदार काय करतो? गोळा लहान करतो. पाणी शोषणारी बारीक मुळं कडेलाच असतात, ती खड्ड्यात राहतात. २० फूट घेराच्या वडाला हाच हिशेब लावा : गोळा ५० फुटांचा. तो न्यायला पेठेतला कुठला रस्ता पुरणार? असल्या झाडासाठी महापालिकेनं रुपयाही देऊ नये, तो पैसा रस्ता वळवण्यात घालावा.

लहान झाड हलवायचंच असेल तर बुंध्याभोवतीचा चर आदल्या वर्षीच, टप्प्याटप्प्यानं मारा, म्हणजे गोळ्याच्या आत नवी मुळं फुटायला वेळ मिळतो. आमच्याकडे सकाळी जेसीबी आला आणि संध्याकाळी झाड हललं, तेही ऐन एप्रिलात. वर ‘भार कमी’ म्हणून सगळ्या फांद्या छाटून नुसता सोट ठेवला. पाला नाही, तर झाड खाणार काय? उचलताना रुंद पट्टा न लावता साखळी आवळली. खोडाची साल बोटभर सोलून निघाली आणि आतलं ओलं पांढरं लाकूड उघडं पडलं. नव्या जागी बुंधा हातभर मातीत गाडला, ती आणखी एक चूक. पूर्वी जिथवर माती होती, तिथवरच हवी. आंब्या-चिंचेच्या जुन्या झाडाच्या नादाला तर लागूच नका. वड, पिंपळ, उंबर हे निदान दाद देतात.

पैसे कुणी द्यायचे? माझ्या मते, ज्या कामासाठी झाड हलतंय त्या कामाच्या अंदाजपत्रकातूनच ते यावेत, गावाच्या बागेच्या तरतुदीतून नकोत. त्यातले पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल झाड जगल्यावरच द्या. “तालमीतली पोरं घालतील पाणी” हे ठरावात लिहू नका. पोरं घालतात, गणपतीपर्यंत. टँकर लागतो तो मार्चपासून.