प्रोबायोटिक आणण्याआधी कॅलेंडरवर आकडे लिहा

पोट सारखं फुगतंय, साफ होत नाही, म्हणून प्रोबायोटिक (पोटासाठी घेतले जाणारे उपयोगी जिवंत जिवाणू) सुरू केलं आणि महिन्याने कुणी 'फरक पडला का?' विचारलं, तर उत्तर येतं, 'पडला असावा.' माझंही असंच व्हायचं.

१. आधी दोन आठवडे नवीन काही घेऊ नका. रोज कॅलेंडरच्या चौकटीत ब्रिस्टल स्टूल चार्टवरचा (शौचाचे सात प्रकार दाखवणारा तक्ता) आकडा लिहा: १-२ म्हणजे खडा, ३-४ व्यवस्थित, ५ मऊ तुकडे, ६-७ पातळ. पोट फुगलं तर शेजारी 'फ'. (घरचे विचारतात हा कसला हिशोब. विचारू देत.)

२. सगळे ३-४ आणि 'फ' एखादाच? मग पैसे वाचले.

३. नाहीतर एकच प्रोबायोटिक चार आठवडे घ्या, खुणा चालू ठेवा. फरक दिसला नाही तर बंद.

४. अँटिबायोटिक चालू असेल तर ते आणि प्रोबायोटिक यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर कॅलेंडर राहू द्या, थेट डॉक्टर गाठा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी प्रोबायोटिकही विचारूनच घ्यावं.