लोकलमधून पडून पाय गेला, आता पुढे काय? घरच्यांसाठी आणि त्या माणसासाठी

हॉस्पिटलात भेटायला येणारे सगळे एकच बोलतात, जीव वाचला ना, देवाचे आभार मान. प्लीज, पहिले काही महिने हे बोलू नका. माझ्या दादाचा पाय गुडघ्याखालून गेला तेव्हा हे ऐकलं की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. अरुणिमा सिन्हाचंही उदाहरण देऊ नका, 2011 ला पाय गेला आणि 2013 ला एव्हरेस्ट चढली हे खरंय, पण ज्याला अजून बाथरूमला धरून न्यावं लागतं त्याला ते ऐकून अजून खचायला होतं. रडू द्या, चिडू द्या.

तोवर घरच्यांनी कागद सांभाळा. तिकीट किंवा पास, रेल्वे पोलिसांचे कागद, डिस्चार्ज कार्ड. चालत्या गाडीतून पडला असेल तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये भरपाईचा अर्ज अपघातापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो आणि दुःखात ते वर्ष कसं निघून जातं कळत नाही. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज पण करून टाका.

नसलेल्या पायाला खाज येते, पोटरीत कळ येते, याला भ्रम समजून गप्प बसवू नका, हे दुखणं खरं असतं. फिजिओला मिरर थेरपीबद्दल विचारा, आरशात चांगला पाय दोन्हीकडे दिसतो आणि बऱ्याच जणांना त्याने आराम पडतो. स्टंपची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाची सूज उतरावी म्हणून बँडेज कसं बांधायचं ते नीट शिकून घ्या, नाहीतर कृत्रिम पाय बसवायला त्रास होतो. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, 1955 पासूनची, तिथे एकदा जाऊन याच. आपल्यासारखीच दहा माणसं बारला धरून चालायला शिकताना दिसली की जो धीर येतो तो नातेवाईकांच्या बोलण्याने येत नाही.

आता आभारांचं. माझं ठाम मत आहे की आभार नशिबाचे नाही, माणसांचे मानायचे, आणि नाव घेऊन. रुळावरून स्ट्रेचरवर कोणी उचललं, रक्त कोणी दिलं, ड्रेसिंग करताना कोणती सिस्टर हळू हात लावायची, हे वहीत लिहा. रोज नको, रोज लिहिलं की ते होमवर्क होतं. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच पाच गोष्टी लिहिल्या, आणि त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटायला लागलं. राग आला तर तोही त्याच वहीत लिहा, आभार मानले म्हणजे झालं ते बरं झालं असं नाही होत.

मग जमेल तेव्हा त्यातल्या एकाला जाऊन भेटा. दादा कुबड्यांवर स्टेशनच्या हमालांकडे गेला होता, ज्याने उचललेलं त्याला दादा आठवत होता, तो म्हणाला तुम्ही जगलात हे आम्हाला कोणी सांगायलाच येत नाही. त्यानंतर दादाने स्वतःहून फिजिओची वेळ विचारली.

झोप पूर्ण उडाली असेल किंवा जगायचंच नाही असं तोंडातून यायला लागलं तर वही बाजूला ठेवा आणि 14416 वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका.