सांगलीत ‘इटर्नल सनशाइन’ दाखवायचा असेल तर

मन मोडलं म्हणून ते मोडणाऱ्या माणसाच्या सगळ्या आठवणी यंत्रानं पुसून घ्यायच्या, ही ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ची कल्पना. २००४ सालचा, १०८ मिनिटांचा सिनेमा. दिग्दर्शन मिशेल गॉन्ड्री यांचं, लेखन चार्ली कॉफमन यांचं. वीस-पंचवीस जणांनी एकत्र बसून बघावा असा हा सिनेमा आहे, आणि तो नीट दाखवला तर महिनोन् महिने मनातून जात नाही. ‘नीट’ म्हणजे चांगला पडदा आणि आवाज तर आलाच, पण त्याहून महत्त्वाचा आहे सिनेमा संपल्यानंतरचा अर्धा तास. बहुतेक ठिकाणी घोळ तिथंच होतो.

आधी दिवस निवडा. जून ते सप्टेंबर नको. पत्र्याच्या छपराच्या हॉलवर पाऊस सुरू झाला की कुजबुजीतले संवाद संपले, आणि या सिनेमात कुजबूज भरपूर आहे. गणपतीचे दिवस आणि लग्नसराईही टाळा; शेजारच्या मंगल कार्यालयात वरात आली तर काही करता येत नाही. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पावणेसातला सुरू केलं तर गच्चीवरसुद्धा पुरेसा अंधार मिळतो. सिनेमातही कडाक्याची थंडी आणि बर्फ आहे, त्यामुळे शाल गुंडाळून बसलेला प्रेक्षक त्यात लवकर शिरतो. मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो आणि पंख्यांचा आवाज वेगळाच.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. ओटीटीचं सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं. वाचनालयात, कॉलेजात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. सिनेमा मोठ्यांसाठी आहे, हे निमंत्रणातच लिहा.

पडदा आठ फूट रुंद पुरतो. त्याची उंची साडेचार फूट येते. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर हवी, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्याआड जातात. साध्या प्रोजेक्टरला या मापासाठी साधारण बारा फूट अंतर लागतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच मोजून जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा. हॉल पूर्ण काळोखा असेल तर दीड हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रोजेक्टर खूप झाला, खिडक्यांतून रस्त्यावरचा दिवा येत असेल तर तीन हजार घ्या. चित्राच्या वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या दिसतील. त्या घालवायला चित्र ताणू नका, चेहरे उभट होतात. वीज जाण्याची तयारी ठेवा: दिव्याचा प्रोजेक्टर झटक्यात बंद पडला की गार होईपर्यंत पुन्हा लागत नाही, म्हणून त्याला यूपीएस जोडा. वीज परत आल्यावर थांबला तिथून नव्हे, पाच मिनिटं मागून सुरू करा.

आवाज ब्लूटूथनं नेऊ नका. त्यात आवाज क्षणभर मागं पडतो आणि ओठ आधी हलतात. साधी वायर वापरा. संवाद दबके आणि संगीत मोठं येत असेल तर बहुधा फाइल सिनेमागृहाच्या सहा वाहिन्यांच्या आवाजावर चालली आहे आणि तुमच्याकडे स्पीकर दोनच आहेत. ऑडिओ ट्रॅकमध्ये स्टिरिओ निवडा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यावर मागच्या भिंतीला दोन जाडजूड सतरंज्या टांगणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

सबटायटलवर वेळ खर्च करा, कारण पाणावलेल्या डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला एक ओळ चुकली तरी तो बाहेर फेकला जातो. मराठी सबटायटल स्वतः करत असाल तर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसच्या आत अक्षरं. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात (एन्कोडिंग) साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतील. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल थोडे मागे-पुढे सरकतात. पण सुरुवातीला जुळलेले सबटायटल पुढं पुढं जास्तच चुकत असतील तर सरकवून उपयोग नाही. तेव्हा दोष वेगाचा असतो: फाइल सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेमची) आणि सिनेमा २३.९७६चा. या हिशेबानं १०८ मिनिटांच्या शेवटी सबटायटल जवळजवळ साडेचार मिनिटं आधी येतात. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलून फाइल पुन्हा साठवा आणि शेवटची दहा मिनिटं तपासा. सुरुवात तपासून समाधान मानणं ही नेहमीची चूक.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं ते सांगली हे गाव. नाटकाची शिस्त इथल्या प्रेक्षकाच्या अंगात आहे, तिचा फायदा घ्या. तीन घंटा द्या आणि तिसऱ्या घंटेला दार बंद करा. हा नुसता शिष्टाचार नाही: या सिनेमाची नावं पडद्यावर येतात ती साधारण सतरा-अठरा मिनिटांनी, आणि त्याआधीचा भाग चुकला तर शेवट निम्मा कळतो. नाटकाची दुसरी सवय मात्र मोडावी लागेल. मध्यंतर ठेवू नका. नायक जोएलच्या आठवणी ताज्याकडून जुन्याकडे पुसल्या जातात, भांडणांकडून पहिल्या ओढीकडे; मध्ये चहाला उठलेला प्रेक्षक तो उतार पुन्हा पकडू शकत नाही. चहा आधी द्या. भडंग शेवटी. कागदाच्या पुड्यांची खसखस आणि भडंगाची कुरकुर शांत प्रसंगात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटं बोला, जास्त नाही. गोष्ट सांगू नका. एवढंच सांगा की नायिका क्लेमेंटाइनच्या केसांच्या रंगाकडे लक्ष ठेवा, काळ कुठला आहे ते त्यावरून कळतं. आणि हेही सांगा की सिनेमा तुटलेल्या नात्याबद्दल आहे. नुकतंच कुणाचं नातं मोडलेलं असतं, कुणाचा जोडीदार गेलेला असतो. मधेच उठून जायचं असेल तर खुशाल जावं. दाराजवळच्या खुर्चीवर आयोजकांपैकी एकानं बसावं, बाहेर गेलेल्याच्या मागं जावं, पण प्रश्न विचारू नयेत.

आता तो अर्धा तास. शेवटची नावं पूर्ण जाऊ द्या, तोवर दिवे नकोत. नंतर एका कोपऱ्यातला मंद दिवा लावा, ट्यूबलाइट नको. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद आणि पेन्सिल द्या आणि दहा मिनिटं कुणीही बोलू नये असं सांगा. कागदावर दोनच गोष्टी लिहायच्या: आत्ता डोळ्यांसमोर असलेलं एक दृश्य, आणि ते पाहताना स्वतःच्या आयुष्यातलं काय आठवलं. दुसरी कुणाला दाखवायची नाही. आधी लिहून घ्यायचं कारण असं की पहिला बोलणारा ठामपणे जे बोलतो, ते बाकीच्यांना स्वतःचंच वाटायला लागतं. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘एकमेकींवर आदळून चुरा झाल्या’ अशा धर्तीचं क्रियापद घातलं, तेवढ्यानं लोकांनी सांगितलेला वेग वाढला. म्हणून ‘रडू आलं की नाही?’, ‘शेवट सुखाचा वाटला ना?’ असे प्रश्न आयोजकानं तोंडातून काढूच नयेत. ‘कुठलं दृश्य?’ एवढंच विचारा. उत्तर आलं की ‘त्यात काय दिसत होतं?’ असं विचारा. वस्तूंबद्दल बोलताना माणसं भावनांपर्यंत आपोआप येतात. थेट भावना विचारली की ‘छान होता’ यावर गाडी थांबते. चर्चा वीस मिनिटांत आटपा. मग भडंग.

तीन आठवड्यांनी त्याच लोकांना तासभर पुन्हा बोलवा, या वेळी सिनेमा न दाखवता. आधी प्रत्येकानं तेच दृश्य आठवून नव्यानं लिहावं, मग जुना कागद शेजारी ठेवावा. संवाद बदललेला असतो, खोली बदललेली असते, कधी तर दोन प्रसंग एक झालेले असतात. मेंदूचे अभ्यासक करीम नादर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लदू यांनी २००० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की भीतीची पक्की झालेली आठवण पुन्हा जागवली की काही काळ कच्ची होते आणि तिला मेंदूत नव्यानं बसावं लागतं. माणसाच्या प्रेमाच्या आठवणींना हे जसंच्या तसं लावू नये, पण दोन कागद शेजारी ठेवल्यावर लोक ज्या गांभीर्यानं बोलतात ते पहिल्या दिवशी कधीच होत नाही. या बैठकीला फाटा देऊ नका.

कागद पहिल्या दिवशी गोळा करताना दुमडून घ्या, वर फक्त नाव असू द्या, आणि उघडू नका. फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर अजिबात नाही. दुसऱ्या भेटीला जे येणार नाहीत त्यांचे कागद त्यांच्या हातात नेऊन द्या.