बाळाला लस टोचायला नेताना

लशीची धास्ती घेतलेल्या आईला ‘काही होत नाही गं’ म्हणून गप्प करू नये. त्रास होतो, पण कोणता, कधी आणि किती, हे आधी कळलं की जीव टांगणीला लागत नाही.

अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात सिस्टरांना कार्ड देतानाच सांगा: मागच्या डोसनंतर झटके आले होते का, अंगभर गांधी उठून धाप लागली होती का, आज ताप आहे का. साध्या सर्दीसाठी डोस चुकवू नका. मग कुपी बघायला मागा, त्यात संकोच कसला! तिच्यावर गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका हवा. दोन्ही सारखे दिसले किंवा चौकोन गडद झाला, तर ती लस उन्हाउष्णतेनं बाद झालेली. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि गोवर-रुबेलाची पावडर जागेवर कालवतात. तिच्यात जंतू रोखणारं औषध नसतं, म्हणून 4 तासांनंतर ती वापरायचीच नाही. कुपी उघडल्याची वेळ लिहिलेली आहे का, ते बघा.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. तासगावकडे द्राक्षांची, कराडकडे उसाची घाई असली तरीही. जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी दुर्मीळ, पण ती बहुधा याच वेळात उठते.

पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लशीचा) ताप आणि मांडीची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत येते. गोवर-रुबेलाचा ताप किंवा पुरळ मात्र साधारण 5 ते 12 दिवसांनी. बीसीजीची पुळी काही आठवड्यांनी फुटते. हळद, तेल, मलम काही लावू नका.

घोळ होतो तो पॅरासिटामॉलमध्ये. एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 5 किलोच्या बाळाला 50 ते 75. काही ड्रॉप्समध्ये 1 मिलिलीटरला 100 मिलिग्रॅम असतात, सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 125 किंवा 250. ड्रॉप्स चमच्यानं पाजले की कितीतरी पट औषध पोटात जातं. बाटलीवरचा आकडा सिस्टरांना दाखवून मापावर खूण करून घ्या. दोन डोसांत किमान 4 ते 6 तास, दिवसाला 4 पेक्षा जास्त नाही.

3 तास न थांबता रडणं, अंग लुळं पडणं, झटके, धाप, दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. पाटणच्या वाडीवर किंवा जतच्या वस्तीवर रात्री गाडी मिळत नाही, तेव्हा सकाळची वाट बघू नका. नंतर ते कार्डावर लिहून घ्या. पुढचा डोस द्यायचा का, कोणता द्यायचा, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.