इटलीच्या द्राक्षबागांतून गाडी चालवायची आहे? मग आधी ही तयारी

इटलीचा नकाशा टेबलावर पसरला की पिएमोंतेपासून सिसिलीपर्यंत सगळीच वाईनची गावं खुणावतात. आठ दिवसांत पाच प्रांत असा बेत कागदावर सहज बसतो. यादीतलं पहिलं काम म्हणजे तो बेत खोडणं. एका सहलीला एक प्रदेश घ्या, फार तर दोन. इथले रस्ते गुळगुळीत असले तरी वळणं आपल्या ताम्हिणी घाटाला लाजवतील अशी आहेत, आणि दर दोन वळणांनी थांबावंसं वाटतं. आम्ही चौघे गेलो होतो: मी, नवरा, धाकटी नणंद आणि तिचा नवरा. पहिल्या दिवशी दीडशे किलोमीटर केले आणि संध्याकाळी कुणालाच काही नीट आठवेना. दुसऱ्या दिवशी पन्नास केले. आजही गप्पा निघतात त्या त्या दुसऱ्या दिवसाच्या.

पहिल्यांदा जात असाल तर माझं मत लांगेला. हा पिएमोंतेतला आल्बा शहराभोवतीचा डोंगराळ भाग. लांगे, रोएरो आणि मोनफेर्रातो इथल्या द्राक्षबागांच्या प्रदेशाला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. गावं डोंगरांच्या माथ्यावर आहेत आणि रस्ता बराचसा धारेवरून जातो, त्यामुळे दोन्ही खिडक्यांतून खाली दरीपर्यंत उतरत गेलेल्या वेलींच्या ओळी दिसतात. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर द्राक्षं आणि सावलीच्या बाजूला हेझलनटची झाडं, अशी इथल्या शेतकऱ्याची वाटणी. उन्हाच्या उताराला इथल्या बोलीत ‘सोरी’ म्हणतात. बाटल्यांवर हा शब्द दिसला की तो डोंगर डोळ्यांसमोर येतो.

आखून घ्यायचा फेरा असा: आल्बाहून ग्रिन्झाने कावूर, तिथून कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा, मोनफोर्ते, बारोलो, ला मोर्रा आणि परत आल्बा. सगळा मिळून पन्नास-साठ किलोमीटरचा, पण पूर्ण दिवस द्या. ग्रिन्झानेच्या किल्ल्यात थांबा. इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार कावूर तरुणपणी या गावाचे महापौर होते. बारोलोच्या किल्ल्यात वाईनचं संग्रहालय आहे. ला मोर्राच्या खाली बागांच्या मधोमध एक छोटं चॅपल आहे, तिथे कधीच पूजा झालेली नाही. सोल ल्युइट आणि डेव्हिड ट्रेमलेट या चित्रकारांनी १९९९ साली ते भडक रंगांनी रंगवलं. ला मोर्राच्या सज्जावर मात्र सकाळी लवकर पोहोचा. आम्ही ऑक्टोबरात आठच्या सुमारास पोहोचलो तेव्हा खाली नुसतं पांढरं धुकं होतं. आधी सेर्रालुंगाच्या किल्ल्याचा उंच मनोरा वर आला, मग एक घंटाघर, मग वेलींच्या पिवळ्या-तांबड्या ओळी एकेक करून. इथल्या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो, आणि धुक्याला इटालियनमध्ये म्हणतात ‘नेब्बिया’. नावाचा उगम तिथूनच असं पुष्कळजण सांगतात.

दुसरा पर्याय तोस्काना म्हणजे टस्कनीतल्या कियांतीचा. फ्लॉरेन्स ते सिएना हा एसआर २२२ क्रमांकाचा रस्ता ‘कियांतिजाना’ नावाने ओळखला जातो. सत्तरेक किलोमीटरचा, ग्रेवे, पान्झानो, कास्तेल्लीना या गावांवरून जाणारा. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने १७१६ साली फर्मान काढून कियांतीच्या सीमा आखल्या. त्या जुन्या भागाभोवतीची वाईन म्हणजे ‘कियांती क्लास्सिको’, बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असलेली. नुसती ‘कियांती’ वेगळी, हे दुकानात लक्षात ठेवा. तोस्कानाच्या दक्षिणेला वाल दोर्चाच्या बाजूची मोंताल्चिनो, पिएन्झा, मोंतेपुल्चानो ही गावं आणि व्हेनिसच्या वर कोनेल्यानो ते वाल्दोब्बियादेने हा प्रोसेक्कोचा, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनचा रस्ता, हे दोन्ही सुंदर आहेत, पण ते पुढच्या खेपेला ठेवा.

प्रदेश ठरला की महिना. द्राक्षतोडणीला इथे ‘वेन्देम्मिया’ म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात असते. नेब्बिओलो उशिरा पिकतं, ते ऑक्टोबरात तोडतात. त्या दिवसांत गावांमध्ये आंबूस-गोड वास भरलेला असतो आणि द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॅक्टर समोर आला की घाई न करता बाजूला व्हा, त्याच्यासाठी हा वर्षाचा सगळ्यात महत्त्वाचा आठवडा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या बुरशीची जत्रा असते, तेव्हा खोल्या महाग आणि दुर्मीळ. मे-जून शांत आणि हिरवा. ऑगस्टचा मधला आठवडा टाळा. १५ ऑगस्टला तिथे ‘फेर्रागोस्तो’ची सुट्टी असते आणि त्याच्या आगेमागे पुष्कळ वाईनची तळघरं आणि खाणावळी बंद असतात. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बऱ्याच रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात, तेही धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो घरातच, निघण्याआधी सुटला पाहिजे: चालवणार कोण आणि पिणार कोण? इटलीत १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलीग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. ५० हा आकडा आपल्याकडच्या ३० पेक्षा मोठा दिसतो म्हणून कुणी सैलावू नये. बारोलोत कमीत कमी १३ टक्के अल्कोहोल असावंच लागतं, आणि चाखायला पाच पेले मांडतात. त्यावर ते वळणाचे रस्ते. आमच्यात नणंद पीत नाही, तरी सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. ज्याची पाळी, तो दिवसभर वासावर आणि थुंकण्यावर भागवणार. हो, चव घेऊन भांड्यात थुंकणं तिथे शिष्टाचाराला धरूनच आहे. तसं भांडं टेबलावर ठेवलेलंच असतं, नसलं तर मागा. आणखी एक उपाय सगळ्यांत सोपा: मुक्काम गावातच घ्या, म्हणजे संध्याकाळी गाडीची किल्ली खोलीत ठेवून जेवायला पायी जाता येतं. शेतावरच्या घरात, म्हणजे ‘आग्रितुरिझ्मो’त राहणार असाल तर रात्रीचं जेवण तिथेच मिळतं का ते आरक्षणाच्या वेळीच विचारा.

तळघरांच्या भेटी आधी ईमेलने ठरवा. छोटी तळघरं घरच्याच माणसांनी चालवलेली असतात. अचानक दारात उभं राहिलात तर त्यांना औषधफवारणी सोडून यावं लागतं. दिवसाला दोन भेटी पुरेत, एक सकाळी दहा-अकराला, एक दुपारी तीननंतर. मधल्या वेळात सगळं गाव जेवतं. साडेबारा ते अडीच हीच जेवणाची वेळ, तीनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. शाकाहारी असाल तर ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ हे पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. लांग्यात लोणी आणि सेजच्या पानांतली ‘तायारिन’ ही बारीक शेवयांसारखी पास्ता मागा. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’च्या आत सहसा मांस असतं आणि ‘बान्या काउदा’ भाज्यांसोबत येत असली तरी तिच्यात अँकोव्ही मासा असतो. तोस्कानात लसूण-टोमॅटोची ‘पिची आल्लाल्योने’ बिनधास्त घ्या.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा आणि त्यासाठी ३०,००० युरोंचा प्रवासविमा हे सगळ्यांना माहीत असतं. राहून जातं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते आरटीओकडून मिळतं, परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. म्हणून फार आधी काढून ठेवू नका आणि शेवटच्या आठवड्यावरही ढकलू नका. सोबत मूळ लायसन्स हवंच. गाडी जो कोणी चालवणार आहे त्या प्रत्येकाचं परमिट काढा आणि भाड्याच्या करारात त्याचं नाव घाला. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावावरच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्डाची मर्यादा तपासा आणि परदेशी व्यवहार चालू करून घ्या.

गाडी लहान घ्या. दगडी भिंतींमधल्या गल्लीत प्रत्येक इंच मोलाचा असतो. चौघांच्या बॅगा मावतील एवढीच डिकी बघा. तुम्ही न सांगता बुक केलीत तर बहुधा हाताच्या गिअरची गाडी मिळेल आणि गिअर उजव्या हाताला असेल. चढावर, उलट्या बाजूने, उलट्या हाताने गिअर सांभाळण्यापेक्षा ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे मोजा. विम्यात अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती जाणार तो आकडा वाचा, आणि मातीच्या रस्त्यांवर विमा लागू आहे का तेही. कियांतीत ‘स्त्रादे बियांके’ म्हणजे पांढऱ्या खडीचे रस्ते पुष्कळ आहेत आणि मोबाईलमधला नकाशा जवळचा रस्ता म्हणून तिकडेच वळवतो. किल्ली हातात आली की चारही बाजू, चाकं आणि बंपरच्या खालचा भाग यांचा व्हिडिओ काढा. डिकीत गाडी बंद पडल्यास मागे ठेवायचा धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे ना ते बघा. दीड मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल बरोबर असेल तर त्याची खुर्ची आधीच मागवा. वळणांवर पोट ढवळणाऱ्यांसाठी आवळा सुपारी घरूनच न्या.

विमानतळावरून निघण्याआधी त्याच पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरा. चालवायचं उजवीकडून, पण आपण बसतो डावीकडे. म्हणजे चालकाचा खांदा रस्त्याच्या मधल्या रेषेकडेच, अगदी आपल्यासारखा. एवढं धरून ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो. इंडिकेटर डाव्या हाताला असतो. आपल्या सवयीने उजवी दांडी ओढली की काचेवर वायपर फिरतात, आमचे दोन दिवस फिरत होते. गोल चौकात घड्याळाच्या उलट्या दिशेने जायचं आणि आत असलेल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. चूक होते ती गर्दीत नाही, तर सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. शेजारी बसणाऱ्याने दर वेळी ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणायचं, हे कामच वाटून द्या. गावाबाहेर दिवसाही दिवे लावायचे असतात. वेगमर्यादा गावात ५०, साध्या रस्त्यांवर ९०, महामार्गावर १३० आणि पावसात ११०. महामार्गाच्या पाट्या हिरव्या, इतर रस्त्यांच्या निळ्या. टोलनाक्यावर ‘टेलेपास’ (आपल्या फास्टॅगसारखी सोय) लिहिलेली पिवळी रांग सोडून रोख किंवा कार्डाची रांग धरा, आणि आत शिरताना मिळालेलं तिकीट जपून ठेवा.

आता झेडटीएल. जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खाली ‘झोना त्राफिको लिमितातो’. तिथे कॅमेरा फोटो काढतो, अडवायला कुणी नसतं. आम्ही एका जुन्या शहरात हॉटेल शोधताना तीन मिनिटांत दोनदा त्या पाटीखालून गेलो. आधी भाड्याच्या कंपनीने आमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल कार्डावरून पैसे कापले, आणि पाच महिन्यांनी ठाण्याच्या घरी दोन वेगवेगळ्या दंडांची पत्रं आली. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, म्हणून पत्र आलं नाही याचा अर्थ सुटलो असा घेऊ नका. मिळाल्यापासून ५ दिवसांत भरलं तर बहुतेक दंडांत ३० टक्के सूट मिळते. फ्लॉरेन्स आणि सिएना पायी बघा. गाडी फ्लॉरेन्स सोडायच्या दिवशी विमानतळावरून घ्या. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा नंबर ते आधी नोंदवतील का हे लेखी विचारून घ्या. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशांच्या, पिवळ्या राखीव.

तोस्कानाहून एक दिवस काढता आला तर मराठी माणसाने मोंतोनेला जावं असं मला मनापासून वाटतं. मोंतेपुल्चानोहून पूर्वेला, उंब्रियात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात हे टेकडीवरचं गाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे इथे दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी लढताना पडले. साथीदार मारले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले. वय २२, गाव आपल्या रायगडातलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं शव सापडलं नाही, नाव कासिनो गावातल्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. २०२३ साली मोंतोनेत त्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. बॅगेत त्यांच्यासाठी काही न्यायचं असेल तर आधी ठरवा, आम्ही न्यायला विसरलो आणि तिथल्या फुलवाल्याकडून झेंडू मिळेल या आशेवर गावभर फिरलो. शेवटी पांढरी शेवंती मिळाली.

परतीची तयारी पहिल्या दिवशीच करा. भारतात प्रत्येकी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त. त्या चेक-इनच्या बॅगेत, मोज्यांत घालून, कपड्यांच्या मधोमध. गाडी परत देण्याआधी टाकी भरताना ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल हे नोझलवर वाचून मगच हात लावा. ‘सेर्वितो’ लिहिलेल्या ठिकाणी माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. रविवारी खेड्यातला पंप फक्त यंत्रावर चालतो आणि ते यंत्र कधी कधी आपलं कार्ड घेत नाही, म्हणून दहा-वीस युरोंच्या नोटा शेवटपर्यंत शिल्लक ठेवा. काटा पूर्ण दाखवतोय त्याचा फोटो काढा, पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवा आणि किल्ली देताना मागच्या सीटखाली एखादी बाटली घरंगळून राहिली नाही ना, ते वाकून बघा.