डेस्कटॉप सपोर्टला नवीन लागलात? आधी काम चालू करून द्या, मशीन नंतर बघू

आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) करून, नाहीतर बीसीए किंवा डिप्लोमा करून एखाद्या एएमसीवाल्या (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या) व्हेंडरकडे डेस्कटॉप सपोर्टला लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. आयकार्डवर इंजिनिअर लिहिलेलं असतं, क्लायंटकडे गेलं की "ते कॉम्प्युटरवाले आलेत" असं ऐकू येतं, आणि काम म्हणाल तर आउटलुकपासून वायर क्रिम्प करण्यापर्यंत सगळं, मधेच साहेबांच्या घरचं वायफायसुद्धा. विंडोज कसं टाकायचं, ड्रायव्हर कुठून घ्यायचे हे यूट्यूबवर ढिगाने आहे, ते मी परत सांगत बसत नाही. पण समोरच्याला मशीनशी काही घेणंदेणं नसतं, त्याचं काम अडकलेलं असतं आणि ते आधी सुटलं पाहिजे, हे कुठल्याच कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत.

समजा महिन्याची २० तारीख आहे, जीएसटीआर ३बी भरायचा शेवटचा दिवस, आणि अकाउंटच्या मॅडमच्या पीसीवर निळी स्क्रीन आलीय. नवीन पोरगा काय करतो, तर टेबलाखाली शिरतो, कॅबिनेट उघडतो, रॅम काढून खोडरबराने घासतो, परत लावतो, चालू करतो, परत निळी, मग विंडोज रिपेअरला टाकतो आणि टक्के मोजत बसतो. मॅडम डोक्यावर उभ्या. त्यापेक्षा पहिला प्रश्न हा विचारा की टॅलीचा डेटा सर्व्हरवर आहे का याच पीसीवर. सर्व्हरवर असेल तर शेजारची खुर्ची रिकामी करून मॅडमना तिथे बसवा, पोर्टल काय कुठूनही उघडतं. याच पीसीवर असेल तर डिस्क काढा, साटा टू यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला लावा, डेटाचा फोल्डर कॉपी करा आणि टॅलीला तो पाथ द्या. लायसन्स नसलेल्या पीसीवर टॅली एज्युकेशनल मोडला उघडतं, एंट्री फक्त १, २ आणि ३१ तारखेचीच घेतं, पण आकडे बघायला चालून जातं. रिटर्न भरून झालं की मग तो निळा पीसी घेऊन बसा निवांत, कोणी विचारणार नाही.

म्हणून फोनवर कॉल घेतानाच चार गोष्टी विचारून घ्यायच्या. कुठलं काम अडकलंय आणि ते कधीपर्यंत हवंय. स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय (वाचून दाखवू नका म्हणावं, फोटो काढून व्हॉट्सअॅप करा, कारण वाचून दाखवताना लोक "काहीतरी एरर आलाय, ओके करा म्हणतोय" एवढंच सांगतात). शेजारच्या टेबलवर चालतंय का. आणि कालपासून आजपर्यंत काय बदललं. हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे पण तो "तुम्ही काय केलंत?" असा विचारला तर उत्तर कायम "मी काहीच नाही केलं" हेच येतं. "टेबल हलवलंय का, कोणी इलेक्ट्रिशियन आला होता का, नवीन राउटर बसवलाय का, रात्री अपडेट झालं का" असं विचारा, मग हळूहळू बाहेर येतं.

रीस्टार्ट करा म्हटलं की सगळे म्हणतात केला, आणि ते खोटं बोलत नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, त्यात शट डाउन केलं तरी सिस्टीम पूर्ण बंद होत नाही, आतली अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तिथूनच उठते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली अप टाइम दिसतो. रोज संध्याकाळी बंद होणारा पीसी तिथे पंधरा पंधरा दिवस चालू असल्याचं दाखवतो. त्यामुळे शट डाउन नाही, रीस्टार्टच करायला सांगायचं, त्यात सगळं नव्याने लोड होतं. निम्मे कॉल इथेच संपतात म्हणाना.

"नेट नाहीये" या एका वाक्यात पाच वेगवेगळे आजार असतात. आधी पीसीच्या मागे वाका आणि वायरच्या पोर्टचा लाइट लागतोय का बघा, नसेल तर वायर किंवा स्विचचा पोर्ट. लाइट आहे तर सीएमडीत आयपीकॉन्फिग मारा. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर पीसीला डीएचसीपीकडून (आयपी वाटून देणारी सेवा, बहुतेक राउटरमध्येच असते) पत्ताच मिळालेला नाही, त्याने स्वतःच एक घेऊन टाकलाय, म्हणजे राउटर किंवा मधली वायर बघायची, ब्राउझर उघडून काही उपयोग नाही. आयपी बरोबर आहे तर गेटवेला (म्हणजे राउटरला) पिंग, मग बाहेर ८.८.८.८ ला पिंग, तेही जातंय आणि साइट उघडत नाही तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सेवा). आणि एक गंमत, सगळं ठीक आहे पण प्रत्येक साइट सर्टिफिकेटचा एरर देतेय, तर खाली कोपऱ्यात तारीख बघा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि मग सर्टिफिकेट त्या तारखेला वैध नाही असं ब्राउझरला वाटतं. किराणा दुकानातसुद्धा मिळतो तो सेल.

प्रिंटरवर मात्र जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त शिव्या तिथे खाव्या लागतात. प्रिंट जात नाही, क्यू मध्ये अडकलीय, डिलीट करावी तर डिलीटिंग असंच दाखवत राहते. अशा वेळी सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवायचा, विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या स्पूल फोल्डरमध्ये प्रिंटर्स नावाचा फोल्डर असतो त्यातल्या फाइली उडवायच्या (फोल्डर नाही हां, आतल्या फाइली), आणि स्पूलर परत सुरू. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण तोच प्रिंटर दर सोमवारी ऑफलाइन होत असेल तर स्पूलर साफ करत बसू नका, त्याचा आयपी बदलतोय. शनिवार-रविवार बंद राहिला, डीएचसीपीने दुसरा पत्ता दिला, आणि पीसी अजून जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवतोय. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी आयपी राखून ठेवा आणि पीसीवर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवून जोडा. विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी पोर्टने जोडतं, तो कधी चालतो कधी रुसतो. एका पीसीला यूएसबीने लावून बाकीच्यांना शेअर केलेला प्रिंटर ही अजून एक डोकेदुखी, २०२१ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर शेवटी ११बी असलेला एरर सगळीकडे यायला लागला, त्यावर लोक रजिस्ट्रीत एक व्हॅल्यू शून्य करून टाकतात आणि प्रिंट सुरू होते, पण त्याने सुरक्षेसाठी घातलेली कडी तुम्ही परत काढता. मालकाला सांगून नेटवर्कवाला प्रिंटर घ्यायला लावा, तेच बरं.

आता मराठीचा विषय, कारण पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत हा येत नाही पण पंचायत समिती, शाळा, वकिलांची ऑफिसं, छापखाने इथे रोजचा आहे. तुम्ही मशीन फॉरमॅट मारलं, वर्ड टाकलं, फाइल उघडली आणि मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल खराब झालेली नाही. श्रीलिपी, कृतीदेव, किरण असले जुने फॉण्ट युनिकोडचे (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नाहीत, फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात आणि फॉण्ट त्यावर मराठी आकार चढवतो. फॉण्ट गेला की मराठी गेली. म्हणून फॉरमॅटच्या आधी फॉण्ट फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्याच, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरला डाँगल (लायसन्सची यूएसबी चावी) असेल तर ते जपून ठेवा.

याच्याइतकाच महत्त्वाचा कीबोर्ड लेआउट. टायपिस्ट काका रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या लेआउटवर) शिकलेले असतात, ४० च्या स्पीडने बोटं चालतात, खाली बघतही नाहीत. तुम्ही विंडोजचा मराठी कीबोर्ड टाकलात की तिथे इन्स्क्रिप्ट येतो (२०१९ पासून फोनेटिकही मिळतो), आणि काका एक ओळ टाइप करतात, स्क्रीनकडे बघतात, आणि तुमच्याकडे बघतात. "अहो पण हा नवीन आहे, शिकून घ्या" असं चुकूनही बोलू नका. त्यांना युनिकोडच हवं असेल तरी सी-डॅकच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये रेमिंग्टन लेआउट निवडता येतो, म्हणजे बोटं जुनी आणि फाइल नवी. फॉरमॅट करण्याआधी एक शब्द टाइप करायला सांगून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर कुठला लेआउट होता हे नंतर आठवत बसावं लागत नाही.

फॉरमॅटचं निघालंच आहे तर, "डेटा काही नाही, उडवा" यावर विश्वास ठेवायचा नाही, साहेब म्हणाले तरी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळेच घेतात. राहतं ते काय, आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल), टॅलीचा डेटा जो कोणीतरी डी ड्राइव्हच्या आत तिसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो, ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, स्कॅनरने कुठे स्कॅन ठेवलेत तो फोल्डर, ई-टेंडरवाल्यांच्या डिजिटल सिग्नेचर टोकनचा ड्रायव्हर. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून घ्या म्हणजे नंतर अॅक्टिव्हेट करताना अडत नाही. टोकनचा पिन त्यांनाच टाकू द्या, चुकीचा पिन ठरावीक वेळा पडला की टोकन लॉक होतं आणि मग ज्याच्या नावावर सही आहे त्याला परत सगळ्या फेऱ्या. डिस्क टिक टिक आवाज करत असेल तर चेकडिस्क अजिबात मारू नका, मरत्या डिस्कला तो अजून राबवतो, आधी जेवढं निघतंय तेवढं कॉपी करा. आणि डिस्क बदललीत तर मूळ डिस्क लगेच वापरात घेऊ नका. महिनाभर लेबल लावून कपाटात ठेवा, कोणाला ना कोणाला काहीतरी आठवतंच.

बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की प्रत्येक लॅपटॉपची कुठे आहे याची यादी हवी, आणि ती यादी त्याच लॅपटॉपमध्ये नको. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. त्या दिवशी उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण मशीन बूटच होत नव्हतं म्हणजे रिमोटने काही करता येत नव्हतं, सपोर्टवाल्यांना एकेका मशीनसमोर जाऊन बसावं लागलं, आणि जिथे बिटलॉकर होतं तिथे सेफ मोडच्या आधी की मागत होतं. ज्यांच्याकडे की हाताशी होत्या त्यांचं काम सरकलं.

रिमोटबद्दल थोडक्यात. एनीडेस्कचा (दुरून पीसी किंवा मोबाइल चालवायचं अॅप) कोड मागून पैसे लुटणारे इतके झालेत की २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच बँकांना सावध करावं लागलं होतं. त्यामुळे क्लायंटला आधीच सांगून ठेवा की आमचा कॉल याच नंबरवरून येणार, आम्ही ओटीपी मागणार नाही, आणि कनेक्ट होण्याआधी बँकेची विंडो बंद करा. पासवर्ड तेच टाइप करतील, तुम्ही वहीत लिहून घ्यायचा नाही, त्यांनी आग्रहाने सांगितला तरी.

"क्रॅक टाकून द्या की, सगळेच टाकतात" हे दर आठवड्याला ऐकाल. नाही म्हणा. तत्त्वाचं सोडा, त्या अॅक्टिव्हेटरमध्ये पहिली पायरीच विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करा अशी असते, आणि उद्या रॅन्समवेअर शिरला तर शेवटचा हात तुमचा होता हे कॉल रिपोर्टवर सहीसकट लिहिलेलं असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सातव्या जनरेशनच्या इंटेलवाली बरीचशी मशीन ११ ला अधिकृतपणे जात नाहीत, तर मालकाला मेल करून स्पष्ट कळवा की पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घ्या नाहीतर मशीन बदला. निर्णय त्यांचा, पण तुम्ही सांगितलं होतं हे लेखी असू द्या.

लेखीवरून तिकीट, म्हणजे प्रत्येक कॉलची नोंद. "इश्यू रिझॉल्व्ह्ड" एवढं लिहून कॉल क्लोज करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण पुढच्या वेळी मी गेलो तर मला काय कळणार. असं लिहा: "स्टोअरचा पीसी, प्रिंट ऑफलाइन. प्रिंटरचा आयपी ५२ चा ६७ झाला होता. राउटरमध्ये ५२ राखून ठेवला, टीसीपी पोर्टने जोडला. चलनाच्या दोन प्रिंट स्टोअरच्या काकांनी स्वतः काढल्या." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. टेस्ट पेज काढून निघायचं नाही, त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून, त्यांच्याच हाताने, त्यांचं रोजचं काम करून बघायला लावायचं. कारण उद्या "तुम्ही काल येऊन गेलात तेव्हापासून स्पीकर वाजत नाही" हा फोन येणारच. त्यावर उपाय एकच, हात लावायच्या आधी त्यांच्यासमोर काय चालतंय काय नाही ते एकदा बघून घ्यायचं, आणि स्पीकर आधीपासून बंद असेल तर तेव्हाच बोलून दाखवायचं.

बॅगेत क्रिम्पिंग टूल आणि आरजे४५ च्या दहा-बारा पिना, केबल टेस्टर, साटा टू यूएसबी, एनव्हीएमई एसएसडीची यूएसबी केस, बूटेबल पेन ड्राइव्ह, चांगला ब्रश, खोडरबर, दोन सीआर२०३२ आणि एक मल्टिमीटर ठेवा. मल्टिमीटर सगळे विसरतात. एकाच टेबलवरचे एसएमपीएस (पीसीचे पॉवर सप्लाय) सारखे उडत असतील तर सॉकेटला न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या बऱ्याच वर दिसलं तर नवीन एसएमपीएस लावू नका, तोही जाईल, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा आणि तिकिटावर रीडिंग लिहा.